लिथुआनियाच्या ट्रक जॉबसाठी एजंटला साडेचार लाख द्यावेत का?

भावा, तुझा प्रश्न वाचला. वय २९, दहावी पास, सहा वर्षं न्हावाशेवा ते हैदराबाद लाईनला कंटेनर ट्रेलर चालवतोयस, आणि मिरजेतला एक एजंट म्हणतोय की लिथुआनियात ट्रक ड्रायव्हरची व्हेकन्सी आहे, महिना अडीच लाख, एकूण खर्च साडेचार लाख, त्यातले पन्नास हजार आणि ओरिजिनल पासपोर्ट या आठवड्यात जमा कर. आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. पन्नास हजार देऊ नकोस, पासपोर्ट तर अजिबात हातातून सोडू नकोस, पण युरोपचा विचार सोडायची गरज नाही. काम खरं आहे. तुला ज्या रस्त्याने नेतायत तो रस्ता बरोबर नाही.

मी स्वतः कळंबोलीतून सुरुवात केली, सौदीत ट्रेलर चालवला, मग लिथुआनियाच्या कंपनीत जर्मनी-फ्रान्स-इटली केलं, आणि आता बाहेर जाणाऱ्या पोरांची ट्रेड टेस्ट, म्हणजे काम करून दाखवायची परीक्षा, घेतो. त्यामुळे दोन्हीकडची बाजू बघितलेली आहे.

टंचाईची गोष्ट खोटी नाही. आयआरयू म्हणून जगभरच्या वाहतूकदारांची संघटना आहे, त्यांनी २०२३ मध्ये ३६ देशांचा हिशोब मांडला तेव्हा ३० लाखांच्या वर ट्रक ड्रायव्हरच्या जागा रिकाम्या होत्या. युरोपात जुने ड्रायव्हर रिटायर होतायत आणि तिथली पोरं या धंद्यात येत नाहीत, कारण तीन-तीन आठवडे घराबाहेर, झोप कॅबिनमध्ये, पार्किंगला जागा नाही, आंघोळीला पैसे. पोलंड आणि लिथुआनियाच्या कंपन्या आधी युक्रेन आणि बेलारूसच्या ड्रायव्हरवर चालायच्या. फेब्रुवारी २०२२ ला युद्ध पेटलं, युक्रेनच्या पुरुषांना देश सोडायला बंदी आली, आणि मग या कंपन्या उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, फिलिपिन्स करत करत आपल्यापर्यंत आल्या. आपल्याकडेही हीच बोंब आहे, ड्रायव्हर मिळत नाही म्हणून ट्रेलर उभे आहेत हे तुला कळंबोलीत रोज दिसत असेल.

पण यात एक गोष्ट नीट समजून घे. नड कंपनीला आहे. गाडी उभी राहिली तर हप्ता कंपनीचा थकतो. मग ज्याला नड आहे त्याने आधी काहीतरी पुढे करायला पाहिजे ना? म्हणून ज्या कंपनीला खरंच ड्रायव्हर हवाय तिचा कागद आधी येतो, त्याच्यावर तुझं नाव, पासपोर्ट नंबर, पगार, कंपनीचा पत्ता सगळं असतं, आणि तुझे पैसे त्याच्यानंतर हलतात. तुझ्या केसमध्ये कागद एकही नाही आणि पैसे पहिले मागितलेत. मला तरी एवढ्यावरच शंका आली.

आता साडेचार लाख कुठे जातात ते सांगतो. गावातला माणूस हा सबएजंट असतो, त्याच्या वर मुंबई किंवा दिल्लीचं ऑफिस, त्याच्या वर दुबई किंवा वॉर्सामधली एजन्सी, आणि तिच्या वर ट्रान्सपोर्ट कंपनी. प्रत्येकजण आपापलं कापून घेतो आणि बऱ्याचदा सगळ्यात वरची एजन्सी कंपनीकडूनही माणशी पैसे घेते, म्हणजे दोन्हीकडून. आपला कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. १९८३ चा एमिग्रेशन ॲक्ट म्हणतो की परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाचं रजिस्ट्रेशन पाहिजे, आणि तो तुझ्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये सर्व्हिस चार्ज घेऊ शकतो, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० झाले, आणि त्याची पावती द्यायला तो बांधील आहे. तिकीट, मेडिकल, व्हिसा फी वेगळी धरली तरी साडेचार लाखाचा हिशोब कुठूनच लागत नाही.

काही एजंट इथे एक पळवाट सांगतात, की लिथुआनिया ईसीआर (सरकारी क्लिअरन्स लागणाऱ्या) देशात येत नाही आणि तुझा पासपोर्ट दहावीमुळे ईसीएनआर (क्लिअरन्स न लागणारा) आहे, म्हणून लायसन वगैरे लागत नाही. अर्धं खरं आहे. ईसीआरची यादी १८ देशांची, सौदी, कुवेत, कतार, मलेशिया असे, आणि ईसीआर पासपोर्टवर तिथे जाताना क्लिअरन्स लागतो. युरोपला तो लागत नाही. पण तो प्रश्न तुझ्या पासपोर्टचा झाला. एजंटचं रजिस्ट्रेशन कुठल्याही देशासाठी लागतंच. परराष्ट्र मंत्रालयाच्या ईमायग्रेट पोर्टलवर रजिस्टर असलेल्यांची यादी आहे, सस्पेंड झालेल्यांची आहे, बेकायदा म्हणून जाहीर केलेल्यांचीही आहे. एजंटला नुसतं विचार, तुमचा आरसी नंबर, म्हणजे एजंटच्या रजिस्ट्रेशनचा नंबर, काय. खरा असेल तो दोन मिनिटात पाठवतो. जो म्हणतो की आम्ही एका मोठ्या लायसनवाल्याबरोबर टायअप मध्ये आहोत, त्याला सांग की मग मी पैसे त्याच लायसनवाल्याच्या बँक अकाउंटला भरतो आणि पावती त्याच्याच नावाची घेतो. इथे बरेच जण फोन ठेवतात.

महिना अडीच लाखाचं गणित पण बघ, कारण हा आकडा पूर्ण खोटा नसतो आणि त्यामुळेच पोरं फसतात. लिथुआनियाच्या कंपन्या ड्रायव्हरला दिवसाच्या हिशोबाने रेट सांगतात, जाहिरातीत ८०-८५-९० युरो दिवस असं असतं. ८५ ने ३० दिवस केले की २,५५० युरो, शंभर रुपयाने धरले की अडीच लाख झाले. पण हे तीसही दिवस तू गाडीत पाहिजेस. तू सुट्टीवर सांगलीला आलास की त्या दिवसांचा भत्ता शून्य. पुढे अजून आहे. हा पैसा दोन तुकड्यात असतो, एक बेसिक आणि एक परदेशात गाडी चालवल्याचा भत्ता. २०२५ ला लिथुआनियाचा किमान पगार १,०३८ युरो होता आणि बऱ्याच कंपन्या ड्रायव्हरचा बेसिक त्याच्या १.६५ पट ठेवतात, कारण तेवढा ठेवला की भत्त्यावर टॅक्स लागत नाही. म्हणजे बेसिक साधारण १,७१३ युरो, तोही कापाकापीच्या आधीचा, आणि वरचा जो पैसा आहे तो भत्ता. फरक कुठे पडतो? तू आजारी पडलास, पाय मोडला, तर जे मिळतं ते फक्त बेसिकवर मोजतात, भत्ता त्यात धरतच नाहीत. घरी हप्ता भरायचा असेल तर हे आधी माहिती पाहिजे.

म्हणून करार हातात आला की शेवटचं पान आधी वाच. पगाराचा आकडा पहिल्या पानावर ठळक असतो, कपातीचं कलम मागे बारीक असतं. मागच्या वर्षी एका पोराने मला करार दाखवला, त्यात होतं की डिझेल ठरलेल्या ॲव्हरेजपेक्षा जास्त लागलं तर फरक ड्रायव्हरचा, टायर फुटला आणि ड्रायव्हरची चूक वाटली तर ड्रायव्हरचा, आणि एक वर्षाच्या आत सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च परत, रक्कम किती ते लिहिलेलंच नाही. चूक वाटली म्हणजे कोणाला वाटली? हे विचारलंच पाहिजे. त्या पोराने विचारलं, कंपनीने ट्रेनिंगची रक्कम आकड्यात लिहून दिली आणि तो गेला, आज चांगला चालवतोय. विचारल्याने नोकरी जात नाही, जिथे जाते तिथे जायचंच नव्हतं.

पोलंडचा करार असेल तर अजून एक बघायचं. तिकडे दोन प्रकार चालतात, उमोवा ओ प्रात्से म्हणजे नोकरीचा करार, आणि उमोवा झ्लेत्सेन्ये म्हणजे कामाचा ठेका. दुसऱ्यात सुट्टी, आजारपण, नोटीस यांचं संरक्षण फार कमी. २०२३ ला जर्मनीत डार्मस्टाटजवळ ए-५ हायवेवर ग्रेफेनहाउझेनच्या थांब्यावर काय झालं ते तुला माहिती असू दे. एका पोलिश मालकाच्या ६० च्या वर गाड्या ड्रायव्हरांनी तिथे लावून ठेवल्या, जॉर्जिया आणि उझबेकिस्तानची माणसं बहुतेक, पगार महिनोन्महिने थकलेला. बऱ्याच जणांकडे ठेक्याचेच करार होते, दिवसाला ८० युरोच्या आसपास. मालक खाजगी सिक्युरिटीची माणसं आणि चिलखती गाडी घेऊन गाड्या सोडवायला आला, जर्मन पोलिसांनी मध्ये पडून त्यांनाच ताब्यात घेतलं. ड्रायव्हर हटले नाहीत आणि शेवटी जवळपास तीन लाख युरो मिळवले. त्याच उन्हाळ्यात तिथेच पुन्हा संप झाला, त्यात तर उपोषणाला बसावं लागलं. त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. पण तुझ्यावर ती वेळ यायला नको म्हणून सांगतो, पगार देणारी कंपनी कुठली, ती कुठल्या देशात नोंदलेली, आणि करार नोकरीचा आहे की ठेक्याचा, हे विमानात बसायच्या आधी कळलं पाहिजे.

कंपनी तपासणं वाटतं तेवढं अवघड नाही. लिथुआनियात सोद्रा नावाची सरकारी सामाजिक विम्याची संस्था आहे, तिच्या साईटवर कंपनीचं नाव टाकलं की किती माणसं नोंदलेली आहेत, सरासरी पगार किती, विम्याची थकबाकी आहे का हे दिसतं. एजंट म्हणतो २०० ड्रायव्हर घेतायत आणि कंपनीत माणसं नोंदलेली चार, मग समजून जायचं. पोलंडमध्ये एजन्सी असेल तर ती क्राझ नावाच्या रजिस्टरमध्ये पाहिजे. लिथुआनियाची कंपनी तुझ्यासाठी मायग्रिस या सरकारी सिस्टीमवर मध्यस्थी पत्र, म्हणजे या माणसाला आम्ही बोलावतोय असं पत्र, टाकते आणि त्याचा नंबर तुला देते, व्हिसा अर्जात तो नंबर लागतो. म्हणजे तुझं काम खरंच पुढे सरकलंय की नाही हे विचारायला एकच प्रश्न पुरतो, पत्राचा नंबर काय. "फाईल लावली आहे" हे उत्तर नाही.

आता लायसन. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढलं की युरोपात ट्रक चालवता येतो असं जो सांगेल त्याच्याकडे परत जाऊ नकोस. ते परमिट घेऊन फिरायला गेलास तर कार चालव, नोकरीवर ४० टन चालवायला ते चालत नाही. तिकडे सीई, म्हणजे ट्रेलर जोडलेल्या जड ट्रकची, कॅटेगरी लागते आणि लायसनवर कोड ९५ लागतो. हा कोड म्हणजे धंद्याचं ट्रेनिंग घेतल्याचा शिक्का, छोटा कोर्स १४० तासांचा, मोठा २८० तासांचा, आणि नंतर दर पाच वर्षांनी ३५ तास परत बसायचं. शिवाय टॅकोग्राफचं, म्हणजे चालवण्याचे आणि विश्रांतीचे तास नोंदणाऱ्या गाडीतल्या यंत्राचं, ड्रायव्हर कार्ड, आणि आपण युरोपियन युनियनच्या बाहेरचे म्हणून ड्रायव्हर अटेस्टेशन नावाचा एक कागद. हा कागद कंपनी काढते आणि त्याची ओरिजिनल गाडीत ठेवावी लागते, रस्त्यावर तपासणीत मागतात. आपलं हेवी लायसन सरळ सीई म्हणून धरत नाहीत, बऱ्याच ठिकाणी परीक्षा द्यावी लागते. म्हणून कंपनीला लेखी विचारायचं, माझं भारतीय लायसन तुम्ही बदलून देणार की परीक्षा, तोपर्यंत मला पगार किती, राहायची सोय कोणाची, आणि नापास झालो तर पुढे काय. तिथे पोचून चार महिने होस्टेलमध्ये रिकामं बसलेली पोरं मी बघितलीत, गाडी समोर उभी, हातात लायसन नाही आणि गावाकडे व्याज चालू.

ट्रेड टेस्टबद्दल दोन शब्द, कारण तू चांगला ड्रायव्हर असशील तरी इथे गडबड होते. आपल्याकडे घोडा, म्हणजे पुढचं इंजिनचं डोकं, आणि ट्रेलर बहुतेक जोडलेलाच असतो, सोडायची वेळ फार कमी येते. तिकडे रोजचं काम आहे. टेस्टला पहिलं हेच बघतो मी. ट्रेलर जोडला, फिफ्थ व्हीलचा, म्हणजे घोड्यावरच्या जोडणीच्या प्लेटचा, आवाज आला की आपली पोरं लगेच खाली उतरून एअर पाईप लावतात, ट्रेलर टेकवायचे लोखंडी पाय वर घेतात आणि निघाले. आवाज आला म्हणजे लॉक बसलं असं नाही. ट्रेलरचा ब्रेक लागलेला असताना पहिल्या गिअरमध्ये हलकासा पुढे ओढून बघायचं, मग खाली वाकून टॉर्चने किंगपिनच्या, म्हणजे ट्रेलरखालच्या जोडणीच्या खुंटीच्या, मागे लॉक पूर्ण बंद झालंय का डोळ्याने बघायचं, हँडल आत गेलंय का बघायचं, आणि मगच पाय वर. हे एवढं जो न सांगता करतो त्याचं रिव्हर्स थोडं वाकडं गेलं तरी मी पास करतो, कारण रिव्हर्स महिन्याभरात येतं. बेल्टने माल बांधणं पण शिकून घे, आपल्याकडे ताडपत्री आणि दोरी, तिकडे पडद्याची साडेतेरा मीटरची गाडी आणि माल हलला तर जबाबदारी तुझी पण.

आणि टॅकोग्राफ. भारतात आपण शेठचा फोन आला की चालवतो, डोळे मिटायला लागले तरी. तिकडे साडेचार तास चालवले की ४५ मिनिटं थांबायचंच, दिवसाला ९ तास, आठवड्यात दोन वेळा १० चालतात, आठवड्याला ५६ आणि सलग दोन आठवडे मिळून ९० च्या वर नाही. रोज ११ तास विश्रांती, काही दिवस ९ वर आणता येते. मला सुरुवातीला आश्चर्य वाटायचं, गोदाम दोन किलोमीटरवर आहे आणि डिस्पॅचरच म्हणतोय थांब, तास संपले. मोठी ४५ तासांची आठवड्याची सुट्टी कॅबिनमध्ये काढायला २०२० पासून युरोपभर बंदी आहे, कंपनीने राहायची सोय द्यायची असते. ही सोय कशी देता हे विचार, कारण सगळ्या देत नाहीत आणि दंड पडला की वाद ड्रायव्हरशी. कोणी कार्ड काढून चालव म्हणालं, किंवा दुसऱ्याचं कार्ड घालायला सांगितलं, तर स्पष्ट नाही म्हणायचं. पकडलं तर मोठा दंड, आणि तुझं तिथलं कामाचं परमिट पण धोक्यात येतं. एवढं पाळलं तर सांगतो, आपल्या हायवेपेक्षा तिकडे ड्रायव्हर जास्त जगतो. एकटेपणा मात्र फार आहे. भाषा नाही, जेवण आपलं आपण करायचं, ट्रेलरच्या बाजूच्या पेटीत गॅस आणि कुकर, रविवारी पार्किंगमध्ये डाळभात. लग्न झालेलं असेल तर बायकोशी हे आधी बोल.

इंग्लंड, कॅनडा, अमेरिका पण एजंट दाखवतात म्हणून पटकन सांगतो. इंग्लंडने २०२१ च्या टंचाईत लॉरी ड्रायव्हरसाठी ५,००० तात्पुरते व्हिसा काढले होते, ते कधीच संपलं, आणि नेहमीच्या स्किल्ड वर्कर व्हिसात ट्रक ड्रायव्हर बसत नाही. म्हणजे यूके ट्रक जॉबची ऑफर आली की ती खोटीच धर. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ ला ट्रक ड्रायव्हरचे वर्क व्हिसा थांबवले. कॅनडात एलएमआयए, म्हणजे बाहेरचा माणूस घ्यायला मालकाला लागणारा सरकारी कागद, विकत मिळतो म्हणणाऱ्याला सांग की तो विकणं तिकडे बेकायदा आहे. रशियाचं नाव कोणी काढलं तर विषय तिथेच बंद कर, २०२४ ला हेल्पर, ड्रायव्हर म्हणून नेलेली आपली पोरं युद्धावर पोचली आणि त्यावर सीबीआयने गुन्हे दाखल केले. जर्मनीचं मात्र लक्षात ठेव, तिथल्या नियमात बाहेरच्या ड्रायव्हरला नोकरीवर घेऊन १५ महिन्यांपर्यंत लायसन आणि ट्रेनिंग पूर्ण करायची मुभा आहे, आणि फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला त्यात चालकांचाही समावेश आहे. काम सावकाश चालतं, पण जर्मन भाषेच्या ए-वन, ए-टू या सुरुवातीच्या पायऱ्या शिकायला कोणा एजंटची परवानगी लागत नाही आणि ते शिक्षण कुठल्याही कंपनीत उपयोगी पडतं.

तुझ्या जागी मी असतो तर सौदी किंवा दुबईचा पण विचार केला असता. पगार युरोपपेक्षा कमी, सौदी-यूएईच्या बाथा बॉर्डरला उन्हात लाईन लावून दिवस जातात, पण रजिस्टर एजन्सीकडून ३५ हजारात जाता येतं, ईमायग्रेटवर करार नोंदला जातो, दहा लाखांचा प्रवासी भारतीय बीमा काढता येतो, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. तिकडचं लायसन आणि डाव्या बाजूला बसून चालवायची सवय घेऊन युरोपला अर्ज केलास तर कंपनी तुला वेगळ्या नजरेने बघते, काही देश गल्फचं लायसन बदलूनही देतात. कर्ज न काढता जायचा हा रस्ता आहे, दोन-तीन वर्षं जास्त लागतात.

मिरजेच्या माणसाला फोन करू नकोस, व्हॉट्सॲपवर लिहूनच विचार म्हणजे पुरावा राहील. आरसी नंबर, कंपनीचं पूर्ण नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर, कराराचा नमुना, मायग्रिसच्या पत्राचा नंबर, पैसे कोणाच्या अकाउंटला आणि पावती कोणाच्या नावाची. पासपोर्टची झेरॉक्स दे, ओरिजिनल मात्र व्हिसा सेंटरला स्वतः घेऊन जायचा. तो रागावला, "सीट दुसऱ्याला देतो" म्हणाला तर देऊ दे. आणि पन्नास हजार आधीच दिले असतील आणि तू लिहिलं नसशील, तर ट्रान्सफरचे स्क्रीनशॉट घेऊन मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीचा सरकारी अधिकारी) याच्या ऑफिसला तक्रार टाक, ईमायग्रेटवरून पण टाकता येते, परराष्ट्र मंत्रालयाची हेल्पलाईन १८०० ११ ३०९० आहे, आणि सोबत पोलीस स्टेशनलाही अर्ज दे. जे उत्तर येईल ते नावं झाकून इथे टाक, करार आला तर शेवटची दोन पानं मला दाखव, मी कलमं वाचून सांगतो.